सोमल : हातानें दिलेला आणि विहिरींतून आलेला

साष्टी बेटांत बोरिवलीच्या पूर्वेस असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेख वाचूं लागलें म्हणजे एक गोष्ट पुनः पुनः दृष्टीस पडते. भिक्षूंच्या निवासाच्या दानाइतक्याच आदरानें तेथें पाण्याच्या टांक्यांचें दान नोंदलेलें आहे. कल्याणच्या सामिदत नांवाच्या सोनारानें दिलेली ‘पानियपोढी’ तेथें आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, जी महाक्षत्रप रुद्राची कन्या, तिचा उल्लेख असलेल्या सुप्रसिद्ध लेखांतही विषय पाण्याच्या टांक्याचाच असून तें सतेरक नामक अमात्यानें दिलेलें आहे. सातवाहन व क्षत्रप यांच्या सोयरिकीचा पुरावा म्हणून विद्वानांनीं त्या लेखाचा बराच कीस काढिला. पण तो लेख मूळचा पाणी पाजण्याच्या पुण्याचा आहे, हें बहुधा विसरलें जातें.

पुढील काळांतील आपलीं दफ्तरेंही या बाबतींत दरिद्री नाहींत. विहीर, बारव, आड, पाणपोई यांसंबंधींचे कागद संग्राहकांच्या हातीं नेहमीं येतात. विहीर कोणीं बांधविली, जागा कोणाची, खर्च किती, पाण्यावर हक्क कोणाचा, मज्जाव कोणास, तंटा कसा तुटला, हें सर्व त्यांत मिळतें. खुद्द पाण्याविषयीं मात्र चारपांच विशेषणांपलीकडे मजकूर नसतो. गोडें, खारें, मचूळ, जड, हलकें, एवढेंच. जिभेला जें कळलें तें कागदावर उतरलें. जिभेला न कळणारें कांहीं असलें तर त्याकरितां एकच वाक्प्रचार होता, तो असा कीं अमक्या गांवचें पाणी लागतें, किंवा बाधतें. या ‘बाधतें’ शब्दाच्या पोटांत हिंवताप असेल, नारू असेल, पटकी असेल. प्रस्तुत लेखांत आम्हांस इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, जुन्या चांदा जिल्ह्याच्या पूर्व सरहद्दीवरील एका टापूंत त्याच शब्दाच्या पोटांत सोमलही असूं शकतो, आणि त्याचा माग लावावयाचा तर तो आपल्यासारख्या कागद जमविणारांच्या साहाय्यावांचून लागणार नाहीं.

ज्यांचा हस्तलिखितांशीं नित्य संबंध आहे त्यांस या द्रव्याची ओळख सोमल या नांवानें नसली तरी हरताळ या नांवानें रोजची आहे. हरताळ, मनशीळ व सोमल हीं तिन्ही एकाच मूलद्रव्याचीं, म्हणजे ज्यास आज आर्सेनिक म्हणतात त्याचीं, रूपें होत. पहिलीं दोन गंधकाशीं संयुक्त असून त्यांपैकीं एक पिवळें, दुसरें तांबडें. तिसरा सोमल, तो पांढरा, वास नसलेला, अन्नांत मिसळला असतां रुचीवरून सहसा न ओळखूं येणारा आणि तिहींत अत्यंत घातक. पोथीलेखकाच्या हातून अक्षर चुकलें म्हणजे त्यावर हरताळाचा पातळ लेप देऊन तो वाळल्यावर वर नवें अक्षर काढीत. ‘हरताळ फासणें’ हा प्रयोग त्यांतूनच आला. (दुकानें बंद ठेवण्याचा हरताळ निराळा. तो हाट आणि ताळें या शब्दांवरून गुजराथच्या वाटेनें आला. दोहोंची गल्लत चांगल्या चांगल्या लेखकांकडून होते.) नीळ व हरताळ एकत्र खलून चित्रांतला हिरवा रंग करीत. हरताळ लावलेल्या जागीं कसर सहसा लागत नाहीं, हें जुन्या संग्राहकांस ठाऊक होतें. पोथी चाळतांना बोट जिभेस लावून पान उलटण्याची संवय आपल्यांपैकीं पुष्कळांस आहे. ती या एका कारणाकरितां तरी सोडावी, हें जातां जातां येथें नमूद करितों.

वैद्यकग्रंथांस या द्रव्याचें विषत्व अपरिचित नव्हतें. सुश्रुताच्या कल्पस्थानांत धातुविषें म्हणून दोनच सांगितलीं आहेत, फेनाश्म आणि हरिताल. पुढें रसग्रंथकारांनीं गौरीपाषाण या नांवानें सोमलाची गणना साधारण रसांत करून त्याच्या शोधनाचे विधि दिले, आणि ज्वर, श्वास, त्वचेचे विकार यांवर त्याची योजना होऊं लागली. त्याच कल्पस्थानांत विषानें दूषित झालेल्या पाण्याचीं लक्षणेंही दिलेलीं आहेत. तें पाणी बुळबुळीत होतें, त्यास उग्र वास येतो, फेस येतो, वर रेघा उमटतात, त्यांतील मासे व बेडूक मरतात. हें वर्णन शत्रूनें पाण्यांत विष कालविलें असतां काय दिसेल याचें आहे, व त्या कामापुरतें तें उत्तम आहे. परंतु खडकांतून झिरपून येणारा सोमल पाण्यास रंग देत नाहीं, वास देत नाहीं, त्यांतले बेडूकही मारीत नाहीं. पाणी नितळ असतें, गोड लागतें. अशा पाण्याची परीक्षा सांगणारें सूत्र ग्रंथकारास सुचावें तरी कसें?

इंग्रजी अंमलांतील कागदांतही सोमल येतो तो पुडींतून, हातांतून, पेल्यांतून. मुंबई सरकारनें १८६६ सालीं आठव्या क्रमांकाचा कायदा करून इलाख्यांतील विषांच्या विक्रीवर निर्बंध घातला. अखिल हिंदुस्थानापुरता विषांचा कायदा १९०४ सालीं आला व १९१९ सालीं तो नव्यानें करण्यांत आला. मुंबईस ग्रँट वैद्यकीय विद्यालयाच्या आश्रयानें सरकारी रसायनपरीक्षकाचें काम चालत असे. जिल्ह्याजिल्ह्यांतून आंतडीं, वांतीचीं भांडीं, उरलेली भाकरी असले जिन्नस मोहोरबंद होऊन तेथें येत. त्या पदावर असलेल्या डॉ. लायन यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ १८८९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला व पुढें पिढ्यान् पिढ्या वकील-डॉक्टरांच्या हातीं राहिला. उत्तर हिंदुस्थानच्या सरकारी अहवालांत तर जनावरें दगावलीं कीं, कातड्याच्या लोभानें चर्मकारांनीं सोमल घातला, असा ठराविक सूर निघे. त्यांत शाबीत किती आणि संशय किती, हें निवडणें आज कठीण आहे. एका सबंध जातीवर ठपका ठेवण्याची ही रीत न्यायाची नव्हे, असें आमचें मत आहे. परंतु तिच्यावरून एक गोष्ट उघड होते. सोमल दिसला कीं त्यामागें देणारा हात शोधावयाचा, हा त्या काळच्या सर्व लेखनाचा पाया होता.

या पद्धतीचा कळस बडोद्याच्या प्रकरणांत दिसतो. ९ नोव्हेंबर १८७४ रोजीं रेसिडेंट कर्नल फेअर यांनीं सकाळीं फेरफटका करून आल्यावर पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले, मळमळ वाटल्यावरून उरलेलें फेंकून दिलें, आणि पेल्याच्या तळाशीं गाळ पाहून संशय घेतला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनीं तो गाळ तपासला, नंतर तो मुंबईस डॉ. ग्रे यांजकडे गेला, आणि त्यांत सोमल व हिऱ्याची पूड असल्याचें सांगण्यांत आलें. घोड्याच्या औषधाकरितां म्हणून सोमल मागविल्याचें साक्षींत निघालें. मल्हारराव गायकवाड यांच्या चौकशीस १८७५ च्या फेब्रुवारींत कमिशन बसलें. सर रिचर्ड कौच, सर रिचर्ड मीड व मेलव्हिल हे तीन इंग्रज, जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग व सर दिनकरराव हे तीन हिंदी सभासद. महाराजांच्या वतीनें विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. इंग्रज सभासदांचें मत गुन्हा शाबीत असें पडलें, हिंदी सभासदांस तो शाबीत वाटला नाहीं, आणि अखेरीस गैरकारभाराचें कारण पुढें करून एप्रिलांत महाराजांस पदच्युत करण्यांत आलें. या प्रकरणाच्या जबान्या, भाषणें, तारा व टीका मिळून छापील कागदांचा केवढा ढीग झाला हें संग्राहकांस सांगावयास नको. एका पेल्याच्या तळाचा गाळ इतक्या बारकाईनें क्वचितच लिहिला गेला असेल. त्याच शतकांत, त्याच द्रव्याविषयीं, गांवच्या विहिरीसंबंधानें एक ओळही आमच्या पाहण्यांत नाहीं.

याचें कारण केवळ अनास्था असें म्हणतां येत नाहीं. थोडा थोडा सोमल वर्षानुवर्षें पोटांत गेल्यानें काय होतें, हें युरोपांतही पाण्यावरून कळलें नाहीं. तें प्रथम औषधावरून कळलें. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून फौलरचा अर्क या नांवानें सोमलाचें पातळ औषध सर्रास दिलें जात असे. तें दीर्घकाळ घेणाऱ्या रोग्यांच्या तळहातांवर व तळपायांवर टणक गांठी येतात व पुढें त्यांतून कर्करोग उद्भवतो, हें लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनीं १८८७-८८ च्या सुमारास दाखविलें. १८९८ सालीं गायर यांनीं सायलेशियांतील राइखेनस्टाइन या खाणींच्या गांवीं तेथलें पाणी पिणाऱ्या लोकांत असलींच लक्षणें वर्णिलीं. आर्जेंटिनांतील बेल व्हिल गांवचा रोग १९१३ ते १९१७ या काळांत विहिरीच्या पाण्याशीं जोडला गेला. तेव्हां ज्ञान जगांत होतें; तें हिंदुस्थानांतील विहिरींपर्यंत पोंचण्यास आणखी साठ वर्षें लागलीं. १९७६ सालीं चंडीगडच्या दत्त यांनीं उत्तरेकडील कांहीं यकृताच्या रोग्यांच्या बाबतींत पाण्यांतील सोमलाकडे बोट दाखविलें. १९८३ सालीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकसंस्थेंतील डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे चोवीस परगण्यांतील खेडुत अंगावर काळे-पांढरे ठिपके व हातापायांस खरबरीत गांठी घेऊन आले, आणि बंगालच्या नळविहिरींचा प्रश्न उघडकीस आला.

बंगालची हकीकत आतां सर्वश्रुत आहे. आपल्या मुलखाला लागून असलेली हकीकत त्या मानानें फारच थोड्यांस ठाऊक आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्वेस सरहद्द ओलांडली कीं अंबागड चौकीचा टापू लागतो. तेथील कौडीकसा हें गांव व आसपासचीं कांहीं खेडीं यांच्या पाण्यांत आर्सेनिक असल्याचें १९९९ सालीं जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती व त्यांचे सहकारी यांनीं बंगळुराच्या ‘करंट सायन्स’ पाक्षिकांत प्रसिद्ध केलें. त्या वेळीं तो भाग मध्य प्रदेशांतील राजनांदगांव जिल्ह्यांत होता. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९३ सालीं पिण्याच्या पाण्यास घालून दिलेली मर्यादा एका लिटरास १० मायक्रोग्रॅमची आहे. येथल्या कांहीं विहिरींत तें प्रमाण शेकड्यांच्या घरांत निघालें. तीच काळवंडलेली, ठिपके पडलेली कातडी, तेच टणक तळवे. पुढें २००५ सालीं त्या भागांतील माती, गाळ व तांदूळ यांतही आर्सेनिक आढळल्याचें प्रसिद्ध झालें.

बंगालांत आर्सेनिक येतें तें नद्यांनीं हिमालयांतून आणलेल्या गाळांतून. येथें गाळ नाहीं. डोंगरगडच्या नांवानें ओळखला जाणारा ग्रॅनाइट व त्यासोबतचे ज्वालामुखीचे आम्ल जातीचे खडक यांचा दक्षिणोत्तर पट्टा या भागांतून जातो. त्यांचें वय दोनशें कोटी वर्षांहून अधिक. त्याच पट्ट्यांत बोडल येथें सरकारी भूगर्भशास्त्रज्ञांनीं युरेनियमाचा शोध घेतला होता. खडकांत काय काय दडलें आहे याची त्यावरून कल्पना यावी. खडक कुजून जो मुरूम होतो त्यांतील लोहाच्या कणांस आर्सेनिक धरून राहतें व परिस्थिति बदलली म्हणजे पाण्यांत सुटतें. हा प्रकार एका विहिरींत असतो, शेजारच्या विहिरींत नसतो. कधीं कधीं हाकेच्या अंतरावर भेद पडतो. आमच्या साष्टीची गोष्ट वेगळी. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, घाटकोपर-मुलुंडचे डोंगर, कान्हेरीचीं लेणीं हें सर्व दख्खनच्या अग्निजन्य खडकांचें क्षेत्र. काळ्या पाषाणांत आर्सेनिक सामान्यतः अत्यल्प असतें, आणि कान्हेरीच्या पोढ्यांत तर पावसाचें पाणी सांठे. सामिदत सोनाराच्या दानास या दृष्टीनें कांहीं उणेपणा नसावा. विहार तलाव १८६० सालीं पुरा होऊन साष्टीचें पाणी नळानें मुंबईस गेलें. साष्टींतील खेडीं पुढेंही कित्येक दशकें विहिरींवर राहिलीं, तरी त्यांच्या विहिरींचे दोष निराळे होते.

आतां इतिहासाकडे वळूं. कौडीकसाचा प्रश्न १९९९ सालीं उघडकीस आला, म्हणून तो त्याच सुमारास उद्भवला असें मानण्याकडे मनाचा ओढा असतो. बंगालांत तसें मानण्यास आधार आहे, कारण तेथें उथळ विहिरी व तळीं सोडून लोक नळविहिरींकडे वळले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. पण अंबागड चौकीकडे नळविहिरींप्रमाणेंच हातानें खणलेल्या विहिरींतही आर्सेनिक सांपडलें आहे. या एका गोष्टीनें सर्व प्रश्नाचें स्वरूप पालटतें. हातानें खणलेली विहीर जुनी असूं शकते. शंभर, दीडशें वर्षांची असूं शकते. मग त्या गांवांत पणजोबांच्या पिढीचेही तळवे टणक झाले होते काय? झाले असल्यास त्याला कोणतें नांव होतें?

या प्रश्नाचें उत्तर ज्या कागदांत असावयाचें ते कागद फार हिंडलेले आहेत. अंबागड चौकी, पानाबरस, कोरचा व औंधी या जमीनदाऱ्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत मोडत. नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर १८६१ सालीं मध्यप्रांत बनला आणि या जमीनदाऱ्या चांदा जिल्ह्यांत राहिल्या. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ सालचा. त्यांत जिल्ह्यांतील जमीनदाऱ्यांची माहिती आहे. दुर्ग जिल्हा १९०६ सालीं नवा झाला आणि त्या सुमाराच्या पुनर्रचनेंत या चार जमीनदाऱ्या चांद्यांतून काढून त्यांत घालण्यांत आल्या. १९५६ सालीं चांदा मुंबई राज्यांत आला व दुर्ग मध्य प्रदेशांत राहिला. १९७३ सालीं दुर्गांतून राजनांदगांव निराळें झालें, २००० सालीं छत्तीसगड राज्य झालें, आणि २०२२ सालीं मोहला-मानपूर-अंबागड चौकी असा स्वतंत्र जिल्हा बनला. इकडे चांद्याचेही दोन भाग होऊन १९८२ सालीं गडचिरोली वेगळी निघाली. म्हणजे एका गांवाच्या विहिरीचा शोध घेणाऱ्यास भोसल्यांचीं मोडी दफ्तरें, नागपूरचे इंग्रजी कागद, चांद्याचीं जुनीं बाडें, दुर्गचीं हिंदी बाडें आणि जमीनदारांच्या घरचे संग्रह अशीं पांच दारें ठोठवावीं लागतात. मराठी संशोधकानें हा भाग हिंदी म्हणून सोडावा आणि छत्तीसगडच्या अभ्यासकानें मोडी येत नाहीं म्हणून सोडावा, असें आजवर होत आलें आहे.

कागद मिळाले तरी त्यांत सोमल हा शब्द मिळणार नाहीं, हें आधींच जाणून असावें. शोधावयाचें तें निराळ्याच नांवांखालीं. सोमलानें बिघडलेली कातडी व रक्तपिती यांची गल्लत बंगालांत आपल्या डोळ्यांदेखत झालेली आहे. रोग्यांस महारोगी समजून वाळीत टाकलें गेलें, सोयरिकी मोडल्या. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमारींत वेडे, मुके-बहिरे, आंधळे यांजबरोबर महारोग्यांची गणती होत असे, व कोडाचे पांढरे डाग असलेल्यांस त्यांत धरूं नये अशी गणतीदारांस ताकीद असे. काळे ठिपके आणि फुटलेले तळवे असलेल्या मनुष्यास त्या गणतीदारानें कोठें घातलें असेल? एखाद्यानें महारोग्यांत, एखाद्यानें कोठेंच नाहीं. यावर कोणी घाई करून त्या आंकड्यांतून सोमलाचे रोगी वजा-बाकीनें काढूं पाहील, तर तें आम्हांस मान्य नाहीं. महारोग त्या मुलखांत स्वतंत्रपणेंही होता. आंकड्यांवरून एवढेंच म्हणतां येतें कीं चुकीनें पडण्यास तेथें एक खळगा तयार होता.

अन्नाचा विचार याहून अधिक उपयोगी ठरेल असें आम्हांस वाटतें, कारण तो कागदांत सांपडतो. भात हें पीक पाण्यांत उभें राहतें. चिखलांत हवा शिरत नाहीं, त्या स्थितींत मातींतील आर्सेनिक सुटें होतें आणि भाताचीं मुळें तें इतर धान्यांपेक्षां अधिक ओढून घेतात. त्यावर शिजविण्याची रीत येते. चांगल्या पाण्यांत तांदूळ धुवून, भरपूर पाण्यांत शिजवून, वेळणीनें पेज काढून टाकली तर दाण्यांतलें आर्सेनिक कमी होतें. पण पाणीच दूषित असलें तर शिजतांना तें भातांत मुरतें, आणि निथळलेली पेज प्यावयाची असेल तर जें बाहेर गेलें तेंही परत पोटांत येतें. कोंकणांत व साष्टींत पेज हें कष्टकऱ्यांचें अन्न. छत्तीसगडांत रात्रीचा भात पाण्यांत भिजत घालून सकाळीं बासी म्हणून खातात. म्हणजे कौडीकसाच्या माणसाच्या पोटांत विहिरीचें पाणी तीन वाटांनीं जातें. एकदां घोटानें, एकदां शिजलेल्या भातांतून, एकदां बासीच्या पाण्यांतून. उन्हांत राबणारा माणूस सावलींतल्यापेक्षां अधिक पाणी पितो, हें वेगळेंच. कारखाना, दुष्ट सावकार, सवती असला कोणीही आरोपी यांत उभा करतां येत नाहीं, आणि आरोपी नसल्यानें पंचनामा नाहीं, पंचनामा नसल्यानें कागद नाहीं.

तथापि अगदींच निराश होण्याचें कारण नाहीं. पाणी बाधतें म्हणून विहीर टाकून दिल्याचे, नवी खणण्यास तगाई मागितल्याचे, गांवठाण हलविल्याचे, उजाड पडलेल्या गांवाची जमा माफ करण्याचे कागद जमीनदाऱ्यांच्या दफ्तरांत असणें अगदीं संभवनीय आहे. अशा प्रत्येक कागदाचा अर्थ सोमल असा नव्हे. शंभरांतील नव्याण्णव हिंवतापाचे असतील. पण त्या गांवांचीं नांवें आज आर्सेनिक सांपडलेल्या गांवांच्या यादीशेजारीं ठेवून पाहतां येतील, आणि दोन याद्या कोठें जुळल्या तर कागद प्रथमच खडकाशीं बोलूं लागेल. नांवांच्या बाबतींत सावधगिरी पाहिजे. मोडींत कौडीकसा, कवडीकसा, कौडीकस्सा असें कांहींही लिहिलेलें असूं शकतें, आणि एकाच नांवाचीं दोन गांवें सरहद्दीच्या दोन बाजूंस असणें त्या मुलखांत नवल नव्हे.

ज्या वाचकांच्या संग्रहीं अंबागड चौकी, पानाबरस, कोरचा वा औंधी येथील, किंवा सध्या गडचिरोली जिल्ह्यांत असलेल्या शेजारच्या जमीनदाऱ्यांचे कागद असतील त्यांनीं त्यांतील विहीर, झरा, तळें यांचे उल्लेख, मग ते कितीही क्षुल्लक वाटोत, नकलून मंडळाकडे पाठवावे. जमाखर्चाच्या वह्या निरुपयोगी म्हणून बाजूस टाकूं नयेत. विहिरीच्या खोदाईची मजुरी तींतच निघते, आणि खोदाईची तारीखही. कोणाचें त्या भागांत जाणें झालें तर विहिरीच्या कांठावर किंवा आंतील थरांत शक, संवत् वा मालकाचें नांव कोरलें आहे काय, हें पाहून ठसा घ्यावा. त्याच वेळीं एका स्वच्छ बाटलींत त्या विहिरीचें पाणी भरून जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याच्या प्रयोगशाळेंत तपासावयास द्यावें. पाण्यांतील प्रमाण ऋतूप्रमाणें बदलूं शकतें, म्हणून पाणी घेतल्याची तारीख, त्या दिवशींची पाण्याची पातळी आणि विहीर अद्याप पिण्याकडे वापरांत आहे कीं नाहीं, हें ठशाच्याच कागदावर लिहून ठेवावें.